अख्खी गोळी

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी आयुष्यात एकही वस्तू अख्खी खाल्ली नाही. हे वाक्य मी विचार करून लिहिते आहे. लग्न होऊन लकडगंजातल्या घरी आले तेव्हापासून एकोणीस वर्षं आम्ही दोघींनी आधी एका चुलीशी आणि मग एका गॅसच्या शेगडीशी काढली. एवढ्या काळात त्यांच्या हातात मी केळं पाहिलं ते अर्धं, पेरू पाहिला तो अर्धा, आणि पोळीसुद्धा पहिल्या घासाआधीच दोन तुकडे होऊन त्यातला एक कोणाच्या तरी ताटाकडे निघालेला. समोर माणूस असला तर त्याला द्यायचं. नसला तर दाराशी जाऊन रस्त्यानं कोणी ओळखीचं जातं का ते बघायचं. कोणीच दिसलं नाही तर अर्धं वाटीखाली झाकायचं आणि त्यानंतर उंबऱ्यात जो पहिला पाय पडेल त्याच्या हातावर ठेवायचं. आमच्या पोस्टमनला पत्र देण्याआधी हात पुढे करायची सवय लागली होती. तुकडे कमीजास्त झाले तर मोठा समोरच्याचा, हा त्यांचा नियम.

या वाटणीचं त्यांचं हत्यार म्हणजे अडकित्ता. त्यांचं माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या बागांमधलं. तिथून येताना त्या जे काही घेऊन आल्या त्यातला शेवटपर्यंत टिकला तो हा पितळी मुठीचा अडकित्ता. कमरेला चंची, चंचीत सुपारी, आणि सुपारीच्या निमित्तानं अडकित्ता. पण त्यानं त्यांनी सुपारी कातरली त्याहून जास्त लिमलेटच्या गोळ्या, खडीसाखरेचे खडे आणि गुळाच्या चिक्कीचे तुकडे कापले असतील. एकदा माझी पेन्सिल सापडेना. संध्याकाळी तिचं अर्धं शेपूट शेजारणीच्या कानावर खोचलेलं दिसलं. मी रागावले तर मोठ्या बाई म्हणतात, "तुले यादी लिहाले अर्धी पेन्सिल पुरत नाही का वं? का लंबी पेन्सिल असली का यादी लंबी होते?" मी त्यांना मोठ्या बाई म्हणत असे आणि त्या मला धाकटे म्हणत.

संत्र्याला मात्र अडकित्ता लावायचा नाही. संत्रं हातानं सोलायचं, फोडी मोजायच्या, निम्म्या इकडे निम्म्या तिकडे. फोडी दहा निघाल्या तर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे. अकरा निघाल्या की त्या अकराव्या फोडीचा पापुद्रा अंगठ्याच्या नखानं उभा चिरून, रस न सांडता, तिचे दोन भाग करायच्या. हे काम त्या एवढ्या मन लावून करत की थोरले भाऊजी वखारीतून जेवायला आलेले असले तरी ताट थांबे. एसटीतसुद्धा हेच. काटोलच्या गाडीत त्यांनी एकदा कंडक्टरच्या हातावर अर्धा पेरू ठेवला. तो म्हणाला, "बाई, मी ड्यूटीवर आहो." यांचं उत्तर तयार होतं: "मंग त्यातला अर्धा ड्यूटीवर खा गा, अन् अर्धा घरी गेल्यावर." सिनेमाची तर कमालच. शेजारीण आणि त्या मिळून एकच तिकीट काढत. मध्यंतरापर्यंत मोठ्या बाई आत, मध्यंतरात त्या बाहेर आणि शेजारीण आत. मग दोन दिवस दोघी ओट्यावर बसून एकमेकींना आपापला अर्धा सिनेमा सांगत. दोन्ही अर्धी जुळून जी गोष्ट तयार व्हायची ती मूळ सिनेमापेक्षा नक्की चांगली असणार. शेजारणीच्या बाजूच्या अर्ध्यात कोणी मेलं की मोठ्या बाई आपला अर्धा पुन्हा सांगून त्याला परत जिवंत करायच्या.

एक लहानशी गोष्ट मी तेव्हा हसण्यावारी नेली. माझं डोकं दुखत होतं. मी गोळी काढली, पाणी आणायला वळले, आणि परत येते तो गोळीचा अर्धाच भाग बशीत. दुसरा अर्धा त्यांनी गिळलेला. "तुमचं कुठे दुखतंय?" मी विचारलं. म्हणाल्या, "माहं काहून दुखंल? पण तुले एकटीले कडू काहून लागावं?"

हा 'काहून' त्यांचा दुसरा नाद. महाल भागातल्या आमच्या माहेरी 'का' म्हणत, आणि तोही फारसा विचारत नसत. मोठ्या बाईंना मात्र प्रत्येक गोष्टीचं कारण लागे. आणि मी पडले यादी करणारी बाई. कचेरीत आवक-जावकचं टेबल माझ्याकडे. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाची नोंद करायची, कागद का आला हे विचारायचं माझं काम नव्हतं. घरीही मी तसंच चालवी. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं माझी यादी चिकटवलेली असे: सोमवारी काय, मंगळवारी काय, कोणती डाळ कधी निवडायची, कोणाचं औषध किती वाजता. मोठ्या बाई अक्षर लावत लावत ती वाचत आणि प्रत्येक ओळीला बोट ठेवून म्हणत, "हे काहून?" मी म्हणे, "मोठ्या बाई, यादीला कारण नसतं, क्रम असतो." हे वाक्य मला स्वतःला फार आवडायचं.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मोठ्या बाईंच्या छातीत गाठ निघाली, तपासणी झाली, ऑपरेशन झालं. घरात रोगाचं नाव कोणी घेत नव्हतं. भाऊजी 'ते' म्हणत, मी 'तुमचं दुखणं' म्हणे. एका दुपारी सुपारी कातरता कातरता त्याच म्हणाल्या, "क्यान्सर हाये ना? मंग तसंच म्हना. नाव घेतलं म्हनून तो काही वाढत नाही, अन् नाही घेतलं तं लाजून पळत नाही." तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द मोठ्यानं बोलला जाऊ लागला. ऑपरेशननंतर शेक, म्हणजे किरणांचे उपचार, सुरू झाले. शेकाच्या खोलीबाहेर लांब बाक होता. त्या बाकावर त्यांना एक बाई भेटली. कळमेश्वरची. नवरा तिथल्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला. यांच्यासारखंच ऑपरेशन झालेलं, यांच्यासारखेच शेक चाललेले, आणि सोबतीला कोणी नाही. सकाळच्या एसटीनं एकटी येई, दुपारच्या एसटीनं एकटी जाई. पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी तिला चून-भाकरीतली अर्धी भाकर दिली. दुसऱ्या दिवसापासून ती आपली भाकर आणू लागली, म्हणजे आता दोन भाकऱ्यांची वाटणी. तिचं नाव मोठ्या बाईंनी कधी घेतलं नाही. ती 'माही कळमेश्वरवाली' होती.

शेक संपत आले तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला आत बोलावलं. चष्म्याच्या काचा पुसत पुसत बोलायची त्यांना सवय होती. म्हणाले, एक नवी गोळी आहे. ऑपरेशन आणि शेक झाल्यावर ती दिली तर रोग परत येणं टळतं का, हे पाहण्यासाठी एक चाचणी चालली आहे. ज्या बायका भाग घेतील त्यातल्या निम्म्यांना नवी गोळी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. बाटलीवर फक्त नंबर असतो, त्यामुळे मलाही माहीत नसतं. बाकीची देखभाल दोघींची सारखीच. नाही म्हणालात तरी उपचारांत फरक पडणार नाही, आणि हो म्हणून मधेच सोडलंत तरी आम्ही रागावणार नाही. मग चष्मा घालून ते म्हणाले, "आणि सगळ्यात महत्त्वाचं. ही नवी गोळी चांगली आहे की नाही, तिचा उपयोग जास्त की त्रास जास्त, हे अजून कोणालाच माहीत नाही. माहीत असतं तर चाचणी कशाला केली असती? हे त्यांना नीट समजावून सांगा. उद्या मी बोलतोच."

मी त्याच दिवशी यादी केली. रोज सकाळी चहानंतर एक गोळी, दोन वर्षं. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. ताप, मळमळ, अंगावर पुरळ, जे होईल ते लिहून ठेवायचं. चार आठवड्यांनी मंगळवारी बाटली परत न्यायची, उरलेल्या गोळ्या तिथली सिस्टर मोजेल. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खडूची. डॉक्टरांचा शब्द 'नवी' होता. मी 'खरी' लिहिलं, सोपं पडावं म्हणून. आणि शेवटची ओळ, 'ही गोळी चांगली की वाईट हे अजून कोणालाच माहीत नाही', ती मी लिहिली होती. मग वाटलं, आजारी माणसानं रोज सकाळी कपाट उघडावं आणि हे वाचावं? पेन्सिलीनं खोडली. यादी स्वच्छ दिसावी म्हणून नव्या कागदावर उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मोठ्या बाईंच्या समोर बसले. "सगळं समजलं ना? काही विचारायचंय?"

"एकच," मोठ्या बाई म्हणाल्या. "सगळ्यायलेच खरी गोळी काहून नाही देत?"

डॉक्टर उत्तर द्यायला पुढे सरकले, तेवढ्यात वॉर्डातून त्यांना बोलावणं आलं, आणि मी मोठ्या बाईंच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "मी घरी सांगते सगळं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मोठ्या बाईंनी सही केली. त्यांची सहीसुद्धा मोठी सुंदर, प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ. घरी आल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "काहून वं?" शेगडीवर दूध होतं, कचेरीला उशीर होत होता. मी म्हटलं, "नियम आहे तसा."

कळमेश्वरवालीनंही सही केली. दोघींना एकाच मंगळवारी बाटल्या मिळाल्या. पहिल्या खेपेला मी दारापर्यंत सोडून कचेरीत गेले, नंतर मोठ्या बाई एकट्या सायकलरिक्षानं जाऊ लागल्या. बाटली नेहमी रिकामी परत जाई, मोजणी चोख. सिस्टर कौतुक करते असं त्या घरी येऊन सांगत, आणि ते कौतुक मी माझ्या यादीच्या खात्यावर जमा करून मोकळी झाले होते.

पाचवी बाटली मिळायच्या मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन त्यांना आणायला गेले. बाकावर त्या नव्हत्या. इमारतीच्या मागे कडुनिंबाखाली दोघी मांडी घालून बसलेल्या. मधे रुमाल पसरलेला, त्यावर पांढऱ्या गोळ्यांच्या दोन ओळी, आणि मोठ्या बाईंचा अडकित्ता कट् कट् चाललेला. पापडाच्या लाट्या कराव्या तशी लगबग. मला पाहून दोघींपैकी कोणीही दचकलं नाही.

"काय चाललंय हे?"

"वाटणी," मोठ्या बाई म्हणाल्या. "बस. सुपारी खातं का?"

"तुम्ही गोळ्या कापताय?"

"मंग काय दातानं तोडू?"

कळमेश्वरवाली घाईनं म्हणाली, "रागावू नका बाई. बरोबरीनंच करून राहिलो. एका गोळीचा भुगा झाला, तो बी चिमटीनं अर्धा अर्धा घेतला."

"पण का?" मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न मी त्यांना विचारला.

मोठ्या बाईंनी अडकित्ता मांडीवर ठेवला आणि लहान मुलीला सांगावं तसं मला सांगितलं. "तूच तं सांगतलं वं धाकटे. निम्म्यायले खरी, निम्म्यायले खडूची. आमी दोघी. म्हंजे एकीची खरी, एकीची खडूची. आता माही खरी निघाली अन् ह्या बिचारीनं दोन वर्सं खडू खाल्ला, तं मले चहा गोड लागंल का? अन् हिची खरी निघाली तं हिले लागंल का? म्हनून अर्धी खरी, अर्धा खडू. दोघीयले सारखं. मोजनी बी चुकत नाही."

"कधीपासून?"

"पैल्या बाटलीपासून."

मला त्यांच्या बोलण्यात चूक सापडेना, म्हणून मी चिडले. बाजूच्या ओट्यावर बसलेली माणसं वळून पाहतील एवढ्या मोठ्यानं मी म्हटलं की तुम्हाला वाटणीशिवाय दुसरं काही सुचत नाही, एक गोष्ट सांगितली तर ती सरळ करता येत नाही, तिकडे डॉक्टर जीव तोडून कागद भरताहेत आणि तुम्ही त्यावर पाणी ओतताय. आणि शेवटी म्हटलं, "या बाईंनाही तुमच्या नादी लावलंत!" मोठ्या बाई मान खाली घालून गोळ्यांचे तुकडे गोळा करत राहिल्या. कळमेश्वरवालीचा चेहरा मात्र एकदम उतरला. "त्याईले बोलू नका," ती हळूच म्हणाली. "मीच पैले हात पुढे केला होता." हे खोटं होतं हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

मी दोघींना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रुमाल उघडून पाहिला आणि आधी त्यांना हसूच आलं. मग चष्मा काढून काचा पुसत त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "बाई, एक सांगा. ही गोळी खरी, म्हणजे चांगली, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मोठ्या बाई रुमालाचं टोक सारखं करू लागल्या.

"मला माहीत नाही ती चांगली आहे की नाही. कदाचित उपयोग होईल, कदाचित काहीच होणार नाही, कदाचित त्रासच होईल. तेच तर पाहायचंय. एक जण एक गोळी खाईल, एक जण दुसरी, आणि दोघींचं काय होतं ते शेकडो बायकांमध्ये पडताळून पाहिलं तरच कळेल. ज्यांना पुढे हा रोग होईल त्यांना मग आम्ही सांगू शकू की ही गोळी घ्या किंवा घेऊ नका. आणि दुसरं असं, की तुम्ही दोघी म्हणून एकीची नवी आणि एकीची साधी असं नसतं. तुमच्या दोन्ही बाटल्यांत एकच गोळी असू शकते."

मोठ्या बाईंनी कळमेश्वरवालीकडे पाहिलं. "म्हंजे चार महिने आपन खडूलेच खडू लावला असंल काय?" आणि दोघी खो खो हसायला लागल्या. हसू ओसरल्यावर मोठ्या बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "तुमालेच माहीत नाही. हे तं लय मोठं बोलनं हाये. म्हंजे आमी सांगाचं तुमाले. मंग हे पैलेच काहून नाही सांगतलं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बस, एवढंच. माझ्या पर्समध्ये त्या यादीची पहिली प्रत घडी करून ठेवलेली होती, खोडलेल्या ओळीसकट. मी जुने कागद टाकत नाही.

डॉक्टरांनी झालं ते सगळं कागदावर लिहून घेतलं आणि सांगितलं की सोडायचं असेल तर आत्ता सोडा, पुढे चालू ठेवायचं असेल तर मात्र आपापली गोळी आपणच, अख्खी. दोघींनी चालू ठेवायचं ठरवलं. इथेच सगळं नीट झालं होतं. समजून घेतलेल्या दोन बायका, समजावून सांगणारा डॉक्टर. मी त्याच संध्याकाळी गप्प घरी आले असते तर पुढचं लिहायची वेळ आली नसती. पण मी कामाची बाई. काम अर्धवट ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मी नोंदणीच्या खिडकीशी गेले आणि मोठ्या बाईंचा मंगळवार बदलून शुक्रवार करून घेतला. दोघी भेटल्याच नाहीत तर पुन्हा मोह होणार नाही, असा माझा विचार. डॉक्टरांनी हे सांगितलं नव्हतं.

"शुक्रवार काहून?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मला शुक्रवारी रजा मिळते," मी म्हटलं. रजा मंगळवारीही मिळत होती.

त्यानंतर रोज सकाळी आमच्या घरात एक प्रसंग घडे. चहा झाला की मोठ्या बाई गोळी तळहातावर घेऊन बसत. तिच्याकडे पाहत. मग दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, घाईघाईनं ती गिळत. आयुष्यात पहिल्यांदा त्या एक वस्तू अख्खी खात होत्या. "चोरी केल्यावानी वाटते वं," त्या म्हणत. मी हसत असे. एकदाही त्यांनी अडकित्त्याला हात लावला नाही. उलट गोळी घ्यायच्या वेळी चंची कमरेवरून सोडून खुंटीला अडकवून ठेवत. शुक्रवारी मात्र अर्धी भाकर फडक्यात बांधून इस्पितळात नेत, आणि तशीच परत आणत. मी म्हटलं, ती शुक्रवारी कशाला येईल? म्हणाल्या, "चुकून आली तं?"

सिस्टरकडून कळलं की कळमेश्वरवाली दोन मंगळवार आली आणि मग यायची थांबली. पत्र टाकलं तरी आली नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "आपन जाऊन पाहू. कारखान्याच्या मागची चाळ, दाराशी शेवग्याचं झाड. बसनं काई दूर नाही." मी 'कळमेश्वर' असं यादीत लिहिलं. त्या आठवड्यात ऑडिट होतं. पुढच्या आठवड्यात पाहुणे आले. माझ्या त्या वर्षाच्या सगळ्या याद्या माझ्याकडे आहेत; जवळजवळ प्रत्येकीत तळाशी 'कळमेश्वर' आहे, एकीवरून दुसरीवर नीट उतरवलेलं.

दीड वर्षांनी मोठ्या बाईंची पाठ दुखू लागली. तपासलं तर रोग परत आला होता. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, बाकीचे उपचार सुरू केले, पण त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला समजलं. मोठ्या बाईंनी त्यांना एवढंच विचारलं, "परत आला हे बी लिहिलं का कागदावर? बरोबर लिहा. माह्याकून चार महिने घोटाळा झाला, आता तं नीट लिहा." डॉक्टरांनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. "बस," त्या म्हणाल्या. "कोनाच्या तरी कामी येईन, अर्धी-मुर्धी का होईना." शेवटची बाटली मी नेऊन दिली. सिस्टरनं मोजली. जेवढे दिवस तेवढ्याच गोळ्या कमी. उरलेल्या सगळ्या अख्ख्या. त्या दोघींच्या बाटल्यांत काय होतं, नवं की साधं, हे पुढे कधीतरी डॉक्टरांना कळलं असेल. मी विचारायला गेले नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर आंबिया बहाराची संत्री बाजारात आली त्या दिवसांत मोठ्या बाई गेल्या. जाण्याआधी अडकित्ता माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "याचे दोन होत नाहीत, नाही तं अर्धा तुले ठेवला असता. कळमेश्वरवालीले नेऊन दे."

या वेळी मी यादीत लिहिलं नाही. तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी पिशवीत अडकित्ता आणि चार संत्री घेऊन एसटीत बसले. कारखान्याच्या मागची चाळ, शेवग्याचं झाड, सगळं मोठ्या बाईंनी सांगितल्यासारखंच. ती दारातच तांदूळ निवडत होती. वाळली होती, पण हिंडतीफिरती होती. माझ्या मागे कोणी येत आहे का ते तिनं आधी पाहिलं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि सूप बाजूला सारलं.

आम्ही उंबऱ्यावर बसलो. फळीवर तिची बाटली मला दिसत होती, जवळजवळ भरलेली. मी विचारायच्या आधी तीच म्हणाली, "दोन खेपा गेली मी. तो बाक, अन् मी एकटी. वाटलं, माह्यापायी त्याईले एवढं बोलनं बसलं, म्हनून त्याईनं वार बदलला. मंग तोंड कसं दाखवू? काहून बदलला बाई त्याईनं वार? राग धरला व्हता का माह्यावर?"

उत्तर तयार होतं. शुक्रवारची रजा, बसची वेळ, खिडकीवरची गर्दी. क्रमानं सगळं तयार होतं. मी म्हटलं, "त्यांनी नाही बदलला. मी बदलला. तुम्ही दोघी भेटलात तर पुन्हा वाटून घ्याल असं मला वाटलं. त्यांना मी खोटं सांगितलं. त्या शेवटपर्यंत दर शुक्रवारी तुमच्यासाठी अर्धी भाकर नेत होत्या."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "सांगतलं असतं तं ऐकलं असतं बाई आमी. त्या दिवसी डॉक्टरनं सांगतलं तं ऐकलं ना?"

मी तिला सांगितलं की गोळ्या सोडल्या म्हणून इस्पितळाचं दार बंद झालेलं नाही, डॉक्टरांनी मला तसं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तपासणीला ये, मंगळवारी मी बसस्टँडवर उभी राहीन. ती 'पाहू' म्हणाली. मी पिशवीतून अडकित्ता काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं तो कितीतरी वेळ उघडला, मिटला. मग माझ्याच संत्र्यांतलं एक घेऊन सोललं, उंबऱ्यावर फोडी मांडल्या आणि मोजल्या. अकरा.

अकराव्या फोडीला तिनं अडकित्ता लावला. संत्र्याला तो लावायचा नसतो हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. रस उडाला, फोड वाकडी कापली गेली, एक तुकडा मोठा झाला आणि एक लहान. मोठा तिनं माझ्या हातावर ठेवला.